कोपरा फाटला तरी पैसे बरोबर जातात: क्यूआर कोडच्या आतलं किराणा बिल

आमच्या कोपऱ्यावर ज्या मावशी भाजी घेऊन बसतात ना, त्यांच्या क्यूआर कोडची अवस्था बघवत नाही. पुठ्ठ्यावर चिकटवलेला कागद, वरून चिकटपट्टी, त्या पट्टीच्या आत पावसाचं पाणी शिरलेलं, आणि उजवीकडचा खालचा कोपरा मेथीच्या जुड्यांखाली कायम ओला राहून राहून शेवटी गेलाच. तरी मोबाइल धरला की झटक्यात नाव येतं, पैसे जातात, तो छोटा डबा "वीस रुपये प्राप्त झाले" म्हणतो. आणि गेल्या महिन्यात एका लग्नाची पत्रिका आली, जाड मखमली कागद, त्यावर हॉलचं लोकेशन म्हणून सोनेरी क्यूआर, तो घरातल्या चार मोबाइलपैकी एकानेही वाचला नाही, शेवटी हॉलचा पत्ता फोन करूनच विचारला.

त्यात अधूनमधून बातम्या येतात की रात्रीत कोणीतरी दुकानांवरचे क्यूआर बदलून स्वतःचे चिकटवले. मग फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड सुरू: "क्यूआर स्कॅन करताच अकाउंट रिकामं". काकांनी तर आठवडाभर रोख पैसेच दिले सगळीकडे. म्हणून म्हटलं हे प्रकरण एकदा नीट उलगडून सांगावं, कारण त्या काळ्या-पांढऱ्या चौकोनाच्या आत जे चाललंय ते भारी आहे, आणि एकदा ते कळलं की भीती कशाची बाळगायची आणि कशाची नाही हे आपोआप कळतं.

आधी रेघा होत्या

क्यूआरच्या आधीचा भाऊ म्हणजे बारकोड, बिस्किटाच्या पुड्यावर असतात त्या उभ्या रेघा. तो नॉर्मन जोसेफ वूडलँड आणि बर्नार्ड सिल्व्हर या दोन अमेरिकन माणसांचा. वूडलँडला लहानपणी स्काउटमध्ये मोर्स कोड शिकवलेला, तारखात्याचा तो कडकट्ट, टिंब आणि डॅश. मायामीच्या बीचवर बसून त्याने वाळूत टिंब-डॅश काढले आणि सहज बोटं खाली ओढली, झाल्या बारीक-जाड रेघा. पेटंट मिळालं १९५२ ला, पण तेव्हा स्वस्त लेझर नव्हते ना कॉम्प्युटर, त्यामुळे प्रत्यक्ष दुकानात पहिली वस्तू स्कॅन व्हायला २६ जून १९७४ उजाडलं. अमेरिकेत ओहायोमधल्या ट्रॉय गावच्या सुपरमार्केटमध्ये, आणि वस्तू काय तर च्युइंगगमचं पाकीट.

बारकोडची अडचण अशी की तो फक्त आडवा वाचायचा असतो, उंचीला काही अर्थच नाही. त्यामुळे त्यात जेमतेम वीसेक अक्षरं मावतात. बिस्किटाच्या पुड्याला तेवढं पुरतं, कारण किंमत-बिंमत त्याच्यात नसते, नुसता नंबर असतो, बाकी सगळं दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये.

मग कारखान्यातली कटकट

जपानमध्ये टोयोटाच्या गाड्यांचे पार्ट बनवणारी डेन्सो नावाची कंपनी. तिथे प्रत्येक खोक्याबरोबर कोणता पार्ट, किती नग, कुठे जायचा याची चिठ्ठी, आणि त्या चिठ्ठीवर बारकोड. एकात माहिती मावेना म्हणून एकेका खोक्यावर बरेच बारकोड लागायला लागले, आणि कामगार बिचारा दिवसाला हजारभर वेळा स्कॅनर धरतोय, त्यात कारखाना म्हटला की ऑइलचे हात, डाग. तक्रारी गेल्या मासाहिरो हारा या इंजिनियरकडे. त्याने आणि एका सहकाऱ्याने, दोघांनीच सुरुवात केली आणि साधारण दीड वर्षात १९९४ ला क्यूआर कोड आला. क्यूआर म्हणजे क्विक रिस्पॉन्स, पटकन उत्तर. हाराला जेवणाच्या सुट्टीत गो खेळायची सवय होती, चौकटींच्या पटावर काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा खेळ, आणि आडवी-उभी अशी दोन्हीकडून माहिती भरायची कल्पना त्याला त्या पटावरून सुचली असं तो सांगतो.

म्हणजे लक्षात घ्या, ही गोष्ट पैशासाठी बनलेलीच नाही. घाणेरड्या हातांनी, घाईघाईत वाचता यावी म्हणून बनली. मावशींचा मेथीखालचा कागद आणि डेन्सोतलं ऑइल लागलेलं खोकं, प्रॉब्लेम एकच.

तीन डोळे कशाला? ताटाकडे बघा

कोडच्या तीन कोपऱ्यांत मोठे चौकोन असतात, चौथ्यात नसतो. ते तीन म्हणजे कोड कुठे आहे हे शोधायच्या खुणा. त्यांच्यातून मधोमध रेघ मारली तर काळं-पांढरं-काळं-पांढरं-काळं अशा पट्ट्या लागतात आणि त्यांची रुंदी नेहमी १:१:३:१:१ असते, रेघ आडवी मारा, उभी मारा, तिरकी मारा, प्रमाण तेच. हे प्रमाण काही स्वप्नात नाही आलं. हाराच्या टीमने जाहिरातींची पत्रकं, मासिकं, खोक्यांवरची छपाई असं ढीगभर चाळलं आणि छापील कागदांवर सगळ्यात कमी वेळा कोणतं प्रमाण सापडतं ते शोधलं. मला या सगळ्या गोष्टीत हाच भाग सगळ्यात आवडतो, कारण यात हुशारीपेक्षा चिकाटी जास्त आहे.

आणि तीनच का? तर आपलं वाढलेलं ताट आठवा. मीठ वर मधोमध, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे. कोणी ताट फिरवून ठेवलं तरी आपल्याला कळतं की जेवणारा कुठल्या बाजूला बसणार आहे. चारही बाजूंना मीठच वाढलं तर कळेल का? तसंच, डोळा नसलेला कोपरा कुठे आहे यावरून मोबाइलला कळतं की कोड उलटा आहे, आडवा आहे की सरळ. म्हणून आपण मोबाइल कसाही धरला तरी चालतं.

मावशींचा गेलेला कोपरा नेमका तो चौथा, बिनडोळ्याचा. नशीब त्यांचं. डाव्या वरच्या कोपऱ्यात मेथी ठेवली असती तर धंदा रोखीवर आला असता.

बारीक चौकोनांत काय लिहिलंय?

लिहिलेलं आहे साधं वाक्य. खरंच. प्रत्येक बारीक चौकोन म्हणजे एक बिट, सोपं करून सांगायचं तर काळा म्हणजे १ आणि पांढरा म्हणजे ०. असे आठ चौकोन मिळून एक बाइट, म्हणजे ढोबळमानाने एक इंग्रजी अक्षर. हे लिहायची सुरुवात उजव्या खालच्या कोपऱ्यातून होते, दोन-दोन चौकोनांची पट्टी धरून वर जायचं, वर पोचलं की डावीकडे सरकून खाली यायचं, मग परत वर. शेतात औत फिरवतो तसं, बांधापाशी गेलं की वळायचं.

सगळ्यात लहान कोड २१ बाय २१ चौकोनांचा, पुढचा प्रत्येक साइज चारने मोठा, असं करत ४० वा साइज १७७ बाय १७७. सगळ्यात मोठ्यात नुसते आकडे भरले तर ७०८९ मावतात, इंग्रजी मजकूर २९५३ बाइट. मराठी मजकूर भरायचा तर मात्र रडायची वेळ, कारण आपल्या एकेका अक्षराला तीन बाइट लागतात, काना-मात्रा-वेलांटी पुन्हा वेगळी. जपान्यांनी स्वतःच्या कांजी लिपीसाठी मात्र कमी जागेची खास सोय करून ठेवलीय, घरचं कार्य म्हटल्यावर तेवढं चालायचंच.

मावशींच्या कोडमध्ये काय आहे? साधारण असा मजकूर: हे यूपीआय पेमेंट आहे, पैसे या आयडीवर द्या, नाव हे, चलन रुपये. बस. त्यात बँकेचा पासवर्ड नाही, बॅलन्स नाही, काही नाही. दुकानाबाहेर पाटी लावावी तसा प्रकार, फक्त ती पाटी माणसाऐवजी मोबाइल वाचतो.

फाटलं तरी चालतं, ते कसं?

आता मुद्द्यावर येऊ. एक गैरसमज असा असतो की सगळी माहिती दोन-तीनदा छापलेली असते, एक गेली तर दुसरी. तसं नाही, तेवढी जागाच नसते. जे आहे ते जास्त चलाख आहे, आणि ते किराणा बिलावर समजतं.

समजा वाण्याने हाताने बिल लिहिलं:

साखर ४५
पोहे ६०
शेंगदाणे १३०
गूळ ७०
एकूण ३०५

घरी येईपर्यंत पिशवीत तेल सांडलं आणि पोह्यांचा आकडा पुसला. काळजी आहे का? नाही. ३०५ मधून बाकीचे २४५ वजा केले, ६०. म्हणजे बेरीज हा एक जादाचा आकडा लिहिल्यामुळे कुठलाही एक हरवलेला आकडा परत मिळतो, पोह्यांची किंमत दुसऱ्यांदा न लिहिता.

पण दोन आकडे पुसले तर? पोहे आणि गूळ दोन्ही गेले. दोघांची मिळून बेरीज १३० आहे एवढंच कळतं, पुढे अडलं. म्हणून वाण्याने आणखी एक बेरीज लिहायची, जरा विचित्र: पहिल्या ओळीला १ ने गुणायचं, दुसरीला २ ने, तिसरीला ३ ने, चौथीला ४ ने, आणि मग बेरीज. ४५ + १२० + ३९० + २८०, म्हणजे ८३५. आता पोहे आणि गूळ दोन्ही पुसलेत तरी दोन बेरजांवरून शाळेतली दोन समीकरणं मांडायची, पोहे ६० आणि गूळ ७० पुन्हा हजर. करून बघा पाठच्या कागदावर, दोन मिनिटांचं काम आहे.

खरी गंमत याच्या पुढे आहे. समजा आकडा पुसला नाही, तर डागामुळे चुकीचा दिसतोय, शेंगदाण्याचे १३० चे १८० झालेत, आणि कुठली ओळ चुकलीय हेही आपल्याला माहीत नाही. बेरीज करा, ३५५ येते, म्हणजे ५० ने जास्त. विचित्र बेरीज करा, ९८५ येते, म्हणजे १५० ने जास्त. १५० भागिले ५०, उत्तर ३. तिसरी ओळ चुकलीय आणि ५० ने चुकलीय! बिलाने स्वतःच बोट दाखवलं की चूक कुठे आणि केवढी. मी पहिल्यांदा हे कागदावर केलं तेव्हा परत एकदा करून बघितलं, विश्वास बसेना.

क्यूआरमध्ये हेच चालतं, फक्त ओळी जास्त, जादाच्या बेरजा जास्त, आणि उत्तर कायम एका बाइटमध्येच, म्हणजे ० ते २५५ मध्ये, मावेल अशी खास प्रकारची बेरीज-गुणाकाराची पद्धत. ही युक्ती १९६० ची, आयर्विंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन या दोन अमेरिकन गणितज्ञांची, म्हणून तिचं नाव रीड-सॉलोमन कोड. तेव्हा क्यूआर नव्हताच. पुढे ओरखडे पडलेल्या सीडीतून गाणी नीट वाजावीत म्हणून तीच वापरली, व्हॉयेजर २ यानाने युरेनसपासून फोटो पाठवले तेव्हाही तीच होती. म्हणजे अंतराळातून आलेले फोटो आणि मेथीखाली भिजलेला कागद, दोघांचा वैद्य एकच.

जादाच्या बेरजा किती ठेवायच्या हे छापणारा ठरवतो. चार पायऱ्या आहेत, साधारण ७, १५, २५ आणि ३० टक्के नुकसान भरून काढणाऱ्या. पण फुकट काही नाही. २१ बाय २१ च्या कोडमध्ये मजकूर आणि बेरजा मिळून २६ बाइट असतात, सगळ्यात मजबूत पायरीवर त्यातले १७ नुसत्या बेरजांना जातात, मजकुराला उरतात ९. एवढं करून दुरुस्त होतात ८ बाइट, कारण मगाशी बघितलं तसं, चूक कुठे आहे हेच माहीत नसेल तर एका चुकीला दोन बेरजा खर्च होतात. सगळ्यात हलक्या पायरीवर उलट, १९ मजकुराला, ७ बेरजांना, दुरुस्त होतात २, कारण त्या ७ पैकी ३ बेरजा चुकीची दुरुस्ती होऊ नये म्हणून राखून ठेवतात.

मी घरी दोन्ही पायऱ्यांवर एकच शब्द छापून काळ्या चिकटपट्टीचे तुकडे लावत बसलो होतो. हलका कोड तिसऱ्या तुकड्यालाच मेला, दुसरा मात्र बराच वेळ तग धरून होता, बायको म्हणाली आता त्याला सोड.

मग मधे लोगो कसा काय टाकतात?

लोगो म्हणजे मुद्दाम पाडलेला डाग. मोबाइलच्या दृष्टीने तिथले चौकोन खराब आहेत, आणि तो ते बेरजांवरून भरून काढतो. म्हणजे संकटकाळासाठी ठेवलेल्या पैशातून हौस केली. चालतं, पण मग खऱ्या डागाला शिल्लक कमी उरते.

एवढं आहे तर पत्रिकेवरचा का नाही चालला?

कारण दुरुस्ती ही वाचल्यानंतरची पायरी आहे, आधी कोड दिसायला तर हवा. सोनेरी शाई उजेड पडला की चमकते, मोबाइलला काळं कुठलं आणि पांढरं कुठलं हेच कळत नाही. त्यात त्यांनी कोडला चिकटून सुंदर वेलबुट्टी काढलेली. कोडच्या चारी बाजूंनी चार चौकोनांएवढी मोकळी जागा सोडायची असते, नाहीतर कोड कुठे संपला आणि मोर कुठे सुरू झाला हे मशीनला कसं कळणार? लॅमिनेशनवर ट्यूबलाइटचा झोत पडला की असंच होतं, जरा तिरका धरा, वाचतो.

स्कॅन केल्याने अकाउंट रिकामं होतं का?

नुसतं स्कॅन करून नाही. स्कॅन करणं म्हणजे पाटी वाचणं. पैसे जातात ते तुम्ही मंजुरी दिल्यावर, बहुतेक वेळा पिन टाकून. आणि पिन लागतो तो पैसे देताना किंवा बॅलन्स बघताना, पैसे घेताना कधीच नाही. "तुमचा जुना सोफा घेतो, पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका" असं कोणी म्हणालं की समजायचं, सोफाही जाणार नाही आणि पैसे मात्र जाणार.

व्हायरसचं विचाराल तर तीन हजारांपेक्षा कमी बाइटमध्ये मजकूर किंवा लिंक असते. धोका त्या लिंकच्या पलीकडे असू शकतो, म्हणजे खोटी वेबसाइट, किंवा "हे ॲप टाका" असा आग्रह. मोबाइल आधी लिंक दाखवतो, ती वाचायची आणि मग ठरवायचं. अनोळखी माणसाने हातात दिलेल्या चिठ्ठीवरच्या पत्त्यावर आपण डोळे झाकून जात नाही, तेवढंच.

पण स्टिकरच बदलला तर?

हा प्रश्न मात्र खरा आहे, आणि इथे सगळं गणित हात टेकतं. रीड-सॉलोमन डाग दुरुस्त करतं. चोराने वरून चिकटवलेला स्टिकर हा डाग नाहीच, तो स्वच्छ, कोरा करकरीत, बेरजा तंतोतंत जुळणारा कोड आहे. वाण्याच्या बिलातला पुसलेला आकडा सापडतो, पण अख्खं बिलच दुसऱ्या दुकानाचं असेल तर बेरीज काय करणार? क्यूआरमध्ये "हा कोणी चिकटवला" याचं उत्तर नसतंच, कारखान्यातल्या खोक्यांना ते लागत नव्हतं.

म्हणून मग तपास कोडच्या बाहेर करावा लागतो. स्कॅन केल्यावर जे नाव येतं ते वाचायचं. पूर्वी काही ॲप कोडमध्येच लिहिलेलं नाव दाखवायची, आणि कोड बनवणारा तिथे काहीही लिहू शकतो. आता एनपीसीआयचा, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेचा नियम आहे की बँकेच्या रेकॉर्डमधलं नाव दाखवायचं, २०२५ च्या जूनअखेरीची मुदत दिली होती. त्यामुळे "जय मल्हार स्नॅक्स" च्या गाडीवर भलत्याच माणसाचं नाव आलं तर पिन टाकायच्या आधी विचारायचं, "दादा, हे तुमचंच ना?" बऱ्याचदा ते बायकोचं किंवा मेव्हण्याचं निघतं, पण विचारण्यात लाज नाही. आणि दुकानदारासाठी तो बोलणारा डबा, तो खात्यात आलेल्या पैशांवर बोलतो, कागदावर नाही. गिऱ्हाईक म्हणतंय पैसे गेले आणि डबा गप्प आहे, तर आधी पुठ्ठ्यावर नखाने खरवडून बघायचं की वर काही चिकटवलंय का.

एवढे कोड छापतोय, संपणार नाहीत का? आणि जपानला पैसे जातात का?

संपणार नाहीत. सगळ्यात लहान कोडमध्येसुद्धा, मगाचच्या १९ मधले दोन बाइट मजकुराचा प्रकार आणि लांबी सांगण्यात गेले तरी, १७ बाइट मजकूर मावतो, त्याच्या वेगवेगळ्या जुळण्या होतात एकावर चाळीस शून्यं याहूनही जास्त. आणि जपानचं म्हणाल तर डेन्सोकडे पेटंट होतं, पण कोड सगळीकडे पसरावा म्हणून त्यांनी ते कोणावर चालवलंच नाही. २००० साली तो आंतरराष्ट्रीय मानक झाला. फुकट ठेवला म्हणून तर आपल्या मावशींपर्यंत आला.

आता बिस्किटाच्या पुड्यावर पण

बारकोड सांभाळणाऱ्या जीएस१ या संस्थेने जगभरच्या दुकानांना २०२७ अखेरचं लक्ष्य दिलंय, तोपर्यंत काउंटरवरच्या मशीनना क्यूआरसारखे चौकोनी कोडही वाचता आले पाहिजेत. फायदा असा की नंबरबरोबर बॅच आणि एक्स्पायरी पण कोडमध्येच असेल, म्हणजे तारीख उलटलेलं दही काउंटरवर मशीनच अडवेल. बारकोड लगेच जाणार नाही, दोन्ही बराच काळ शेजारी नांदतील.

औषधात आपल्याकडे हे आधीच झालंय. १ ऑगस्ट २०२३ पासून खपातल्या आघाडीच्या ३०० ब्रँडच्या औषधांवर बारकोड किंवा क्यूआर सक्तीचा आहे, त्यात औषधाचं नाव, कंपनी आणि तिचा पत्ता, बॅच, बनवल्याची आणि संपायची तारीख, लायसन्स नंबर असं सगळं असावं लागतं. मी आईच्या गोळ्यांचं पाकीट स्कॅन करून बघितलं, कुठली वेबसाइट उघडली नाही, नुसता मजकूर आला. आई म्हणाली, "म्हणजे गोळी खरी ना?" तर तिला सांगितलं की तेवढं यावरून कळत नाही, खऱ्या पाकिटावरचा कोड झेरॉक्स केला तरी तो असाच वाचला जाईल. पण यातला बॅच नंबर आणि तारीख स्ट्रिपवर छापलेल्याशी जुळतेय का ते बघता येतं. मग तिने चष्मा लावला आणि घरातली सगळी पाकिटं काढून बसली.